बर्फाखालची भिंत

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आमची प्लाटून विंटर ट्रेनिंगसाठी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेली. मी ब्रिटनमधल्या एका इंजिनियर रेजिमेंटमध्ये लान्स कॉर्पोरल होतो. मूळचा सातारा जिल्ह्यातला, कॉमनवेल्थ नागरिक म्हणून भरती झालेला. घर बेसिंगस्टोकला, बायको तिथल्या एका आयटी कंपनीत. साळुंखे हे आडनाव रेजिमेंटमध्ये कुणाच्या जिभेवर बसलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्याचं ‘सॅल’ झालं आणि नोकरी संपेपर्यंत तेच राहिलं.

आमच्याबरोबर कॅनडाच्या सैन्याची एक कंपनी होती. बर्फातलं काम त्यांना जास्त ठाऊक, म्हणून त्यांचा एकेक हुद्देदार, म्हणजे एनसीओ, आमच्या प्रत्येक सेक्शनला जोडून दिला होता. आमच्याकडे कॉर्पोरल वेस्ली आला. बुटका, रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा. कॅम्पकडे जाताना ट्रक एका लांबट तळ्याच्या काठाने गेला. तळं गोठलेलं होतं, वर बर्फ साठला होता. उघड्या पडलेल्या एका कड्यावर पाण्याच्या पातळीची फिकट रेघ दिसत होती. वेस्लीने ट्रकची ताडपत्री बाजूला धरून ती रेघ बराच वेळ पाहिली.

“हे धरणाचं आहे,” तो म्हणाला.

मी हो म्हटलं. विजेसाठी बांधलेलं धरण होतं. नकाशावर तसं लिहिलं होतं.

“पाणी उतरलंय. आपण याच्यापासून लांब राहू.”

आमचा मशिनगनर हॅरिस हल शहरातला. त्याने विचारलं, कॅनडाचा माणूस आणि बर्फाला घाबरतो?

“घाबरतो,” वेस्ली म्हणाला. “म्हणून एकतीस वर्षांचा झालोय.”

वेस्ली ओजिब्वे होता. कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवरच्या सरोवरांच्या प्रदेशातले हे मूळ रहिवासी. ते स्वतःला अनिशिनाबे म्हणतात. त्याचं घर रिझर्व्हवर होतं. जुन्या करारानंतर सरकारने त्या लोकांसाठी जी जमीन राखून ठेवली, तिला रिझर्व्ह म्हणतात. त्याच्या सांगण्यावरून मला जे समजलं ते असं: एक खडीचा रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, एक शाळा, एक दुकान, आइस हॉकीचं मैदान, कौन्सिलचं ऑफिस आणि तिन्ही बाजूंना पाणी. जमीन रिझर्व्हची, पाणी नाही. त्याच्या पणजोबांच्या काळात सरोवराच्या तोंडाशी धरण बांधलं गेलं. वीज दूरच्या शहरांना गेली. जुनं गाव बुडालं, गावाशेजारची दफनभूमीही बुडाली.

तंबूत स्टोव्हजवळ बसून त्याने हे दुसऱ्या दिवशी सांगितलं, चहाच्या दोन घोटांच्या मध्ये. मी म्हटलं, आमचंही गाव पाण्याखाली आहे. त्याने मान वर केली. मग मी त्याला कोयनेचं सांगितलं: धरणग्रस्त हा शब्द, डोंगरापलीकडे मिळालेली जमीन, आणि मे महिन्यात पाणी उतरलं की चिखलातून वर येणारा भैरवनाथाच्या देवळाचा चौथरा. माझे वडील दर वर्षी तिथे नारळ घेऊन जायचे आणि पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून परत यायचे.

“आमच्याकडे देऊळ वर येत नाही,” वेस्ली म्हणाला. “माणसं येतात.”

वसंत ऋतूत पाणी खाली सोडतात, तेव्हा काठ ढासळतो आणि जुन्या कबरींतली हाडं उघडी पडतात. मासेमारीला येणारे पर्यटक पोचायच्या आधी रिझर्व्हवरच्या बायका काठाने चालत जातात, हाडं गोळा करतात आणि उंचावरच्या नव्या दफनभूमीत पुन्हा पुरतात. वेस्लीला त्याच्या मावशीने वाढवलं होतं. मार्लीन तिचं नाव. शाळेत असल्यापासून तो तिच्याबरोबर हे काम करायचा. कोण कुणाचं हे कळत नाही, म्हणून सगळ्यांना आपलंच समजायचं, अशी तिची शिकवण.

विषय बदलायला म्हणून वेस्लीने बर्गनमधून एक पिशवी काढली. बर्गन म्हणजे आमची पाठपिशवी. आत काळे, लांबट, सुईसारखे दाणे होते. मनोमिन, सरोवरातला जंगली भात. ऑगस्टच्या शेवटी दोघं जण होडीतून जातात. एक बांबूसारख्या लांब काठीने होडी ढकलतो, दुसरा दोन हलक्या काठ्यांनी लोंब्या वाकवून दाणे होडीत झाडतो. काही दाणे मुद्दाम पाण्यात पडू द्यायचे, पुढच्या वर्षासाठी. धरणाचं पाणी वर-खाली होत राहिल्याने त्यांच्या जुन्या जागा गेल्या. आता ते दूरच्या तळ्यावर जातात. भात मेस टिनमध्ये, म्हणजे आमच्या जेवणाच्या डब्यात, शिजला. धुराचा वास होता. हॅरिसने विचारलं, हा करपलाय का असाच असतो? वेस्ली म्हणाला, तू बनवलास तर करपलेला, मी बनवला तर असाच असतो.

त्याच बैठकीत मी विचारलं, तळ्याची भीती कसली? त्याने मेस टिनचं झाकण तळव्यावर आडवं धरलं.

“पाणी वर असताना बर्फ धरतो. मग वीज करायला पाणी खाली सोडतात. बर्फ खाली येत नाही. काठावर आणि दगडांवर टेकून तसाच लटकतो.” त्याने झाकणाखालून दुसऱ्या हाताची बोटं फिरवली. “मध्ये हवा. वरून काही दिसत नाही. जाडी मोजली तर भरपूर भरते. माझा मामा स्नोमोबिल घेऊन गेला होता. वाट चांगली माहिती होती त्याला.”

पाचव्या दिवशी नॅव्हिगेशनचा सराव होता. आम्ही आठ जण, पुढे लेफ्टनंट प्रिचर्ड. जीपीएस बंद, फक्त नकाशा आणि कंपास. सकाळी हवा स्वच्छ होती. दुपारी कड्यावरून उतरताना वारा वळला आणि अर्ध्या तासात सगळं पांढरं झालं. जमीन आणि आकाश यांच्यातली रेषा गेली. स्वतःचे बूट दिसायचे, पुढच्या माणसाची पाठ दिसायची, त्यापुढे काही नाही. अशा वेळी माणूस उभ्या उभ्या तोल जाऊन पडतो. दोघं पडलेही.

पुढच्या माणसाला बर्फातून वर आलेली लाकडी खांबांची टोकं सापडली. ओळीने, सारख्या अंतरावर. नकाशावर माळाच्या कडेने कुंपण दाखवलेलं होतं, हरणांना अडवायला बांधतात तसं उंच. सगळ्यांना हायसं वाटलं. कुंपण म्हणजे जमीन. टोकं जेमतेम वीतभर वर होती, म्हणजे बर्फ खोल साठलाय, असा अर्थ आम्ही लावला. लेफ्टनंटने कुंपण धरून चालायला सांगितलं. त्या परिस्थितीत दुसऱ्या कुणीही तेच सांगितलं असतं.

वेस्ली तेव्हा सर्वांत मागे होता. काही वेळाने त्याचा आवाज आला.

“थांबा. कुणी हलू नका.”

तो मोठ्याने बोलला नव्हता. तरी सगळे थांबले. मी वळून पाहिलं. तो एका खांबाजवळ गुडघ्यांवर बसला होता आणि खांबाभोवतीचा बर्फ हाताने झाडत होता. खांबाच्या भोवती हात जाईल एवढी फट होती. त्याने हातमोजा काढून तळवा फटीवर धरला.

“खालून हवा येतेय. सर, आपण तळ्यावर आहोत.”

मी सरकत जाऊन फटीत पाहिलं. खांब खाली, अंधारात जात होता. ओल्या गाळाचा वास आला, मे महिन्यात आमच्या गावाच्या जागी येतो तसा. हे नकाशातलं कुंपण नव्हतं. धरणापूर्वी इथे कुणाचं तरी शेत होतं, त्याचं हे कुंपण. आमच्या पायांखाली बर्फाची लादी होती आणि लादीखाली माणसाच्या उंचीची पोकळी.

मी याआधी गोळीबाराच्या आवाजात काम केलेलं आहे. त्या दिवशी आवाज नव्हता, आणि मी दोन्ही हातांनी तो खांब धरून ठेवला होता.

लेफ्टनंट प्रिचर्ड सव्वीस वर्षांचे होते. त्यांनी वाद घातला नाही. काय करायचं एवढंच वेस्लीला विचारलं. वेस्लीने सांगितलं ते आम्ही केलं: पोटावर आडवं व्हायचं, बर्गन काढून दोरीने मागे ओढायचं, दोघांमध्ये अंतर ठेवायचं आणि आलो त्याच खुणांवरून परत सरपटायचं. वेस्ली सगळ्यांना पुढे काढून पुन्हा मागे राहिला. तो स्की-पोलने बर्फावर ठोकायचा, ऐकायचा आणि मग ‘जा’ म्हणायचा. ‘जा’ येईपर्यंत गाल बर्फाला लावून पडून राहायचं. खालून कधी कधी सुस्कारा टाकल्यासारखा आवाज यायचा. लादी कुठेतरी बसत होती.

हॅरिसचं बर्गन एका खांबात अडकलं. मशिनगन त्यावर बांधलेली. त्याने जोर लावला. बंदुकीसारखा आवाज झाला आणि हॅरिसखालचा बर्फ थोडा खाली गेला. तो ओरडला नाही. फक्त म्हणत राहिला, कॉर्पोरल, कॉर्पोरल.

वेस्ली त्याच्यापर्यंत सरपटत गेला. पट्टा कापला. हॅरिसच्या बुटांना ढकलून त्याला माझ्याकडे सरकवलं. मी त्याची मनगटं धरून ओढली. त्याच क्षणी मागची लादी कलली. वेस्ली तिच्यावरून पाय पुढे करून खाली गेला, घसरगुंडीवरून जावं तसा, आणि लादी झाकणासारखी परत जागेवर बसली. बर्गन वरच राहिलं. भेग दिसत होती, बोटभर रुंद. बाकी काही बदललं नव्हतं.

लेफ्टनंटने रेडिओ घेतला. “हॅलो झीरो, धिस इज टू वन. नो डफ, नो डफ.” सराव नाही, खरी घटना आहे, असा त्याचा अर्थ. झीरो म्हणजे कंट्रोल रूम, टू वन म्हणजे आम्ही. त्यांनी जागा आणि स्थिती घेतली. या हवेत हेलिकॉप्टर येणार नाही, रेस्क्यू टीम रस्त्याने निघतेय, असं सांगितलं. वेळ विचारल्यावर म्हणाले, “वेट, आउट.” म्हणजे थांबा, नंतर कळवतो.

मी जवळच्या खांबाच्या फटीला तोंड लावून हाक मारली. खालून उत्तर आलं, अगदी जवळून.

“ओरडू नकोस. इथे घुमतं.”

लागलंय का, विचारलं.

“भिजलोय. छातीपर्यंत. आता पाण्याबाहेर आहे.” तो धापा टाकत होता. “दगडी भिंत लागली हाताला. ही धरून वर येतो.”

“वर कुठे?”

“काठाकडे. शेताची भिंत आहे, काठाकडेच जाईल. तुम्ही काठावर जा. तिथे बर्फ जमिनीवर टेकलेला असेल, तिथे फोडा. इथे फोडलात तर सगळं माझ्या डोक्यावर येईल.”

हॅरिस माझ्या शेजारी पडून होता. तो फटीकडे वाकून म्हणाला, सॉरी, कॉर्पोरल.

“हॅरिस, तू काठावर पोचलास का?”

“नाही.”

“मग गप बस आणि पोच.”

तो खालून दगडाने ठोकत निघाला, आम्ही वरून त्या आवाजामागे. तो गाळातून आणि आम्ही बर्फावरून, मध्ये एक लादी. काठ आला तेव्हा बर्फाखाली खडी लागली. हात टेकला तर हात स्थिर राहिला. मी एवढी साधी गोष्ट त्याआधी कधी जाणवून घेतली नव्हती. ठोकण्याचा आवाज आमच्यापासून जेमतेम दोन हातांवर येऊन थांबला. त्यापुढे खालची फट एवढी अरुंद होती की त्याला पुढे सरकता येईना.

आमच्याकडे दोन आइस अ‍ॅक्स आणि एक फावडं होतं. तिथे लाद्या एकमेकींवर चढून गोठल्या होत्या. पाळीपाळीने फोडायचं ठरलं. जोरात मारायला सगळे भीत होते, हळू मारायलाही. लेफ्टनंटने मला सांगितलं, “सॅल, त्याला बोलता ठेव.”

मी कान आणि तोंड बर्फाला लावून पडलो. काय बोलायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. मी भाताचं विचारलं, मावशीचं विचारलं. तो उत्तरं देत होता, पण शब्द जड झाले होते.

“तुझ्या गावच्या भिंती अजून आहेत का, पाण्याखाली?” त्याने विचारलं.

“आहेत. माती गेली, दगड आहेत.”

“ही चांगली बांधलीय.” मग बराच वेळ काही नाही. मी हाक मारली. “सॅल, मला भीती वाटतेय.”

“मलाही.”

“तू वर आहेस.”

“तरी.”

तो हसला असावा. त्यानंतर तो इंग्रजीत बोलला नाही. त्याच्या भाषेत बोलत होता, हळू, मधूनमधून थांबून, समोरच्या माणसाला बोलायची संधी दिल्यासारखा. ते माझ्यासाठी नव्हतं, म्हणून मी मध्ये बोललो नाही. मग दगडाचा आवाज दोनदा आला. नंतर आला नाही. आम्ही तेव्हा भीती बाजूला ठेवून मारायला लागलो.

भोक पडलं तेव्हा आधी त्याचा हात दिसला. तो भिंतीच्या वरच्या दगडावर होता. बाहेर काढून स्लीपिंग बॅगमध्ये घातला, सीपीआर सुरू केलं. हॅरिस थांबायला तयार नव्हता. रेस्क्यू टीमने येऊन त्याचे खांदे धरले तेव्हा थांबला. हॉस्पिटलमध्ये संध्याकाळी कॉर्पोरल वेस्लीला मृत घोषित केलं. कारण हायपोथर्मिया.

दुसऱ्या दिवशी मी आईला फोन केला. ती साताऱ्याजवळ भावाकडे असते. सगळं ऐकून तिने एकच विचारलं.

“वर काढलात ना त्याला?”

“काढला.”

“बरं केलंत.”

चौकशी झाली. दृश्यमानता आणि नकाशावर नसलेलं जुनं कुंपण अशी कारणं नोंदली गेली. लेफ्टनंट प्रिचर्ड वर्षभराने नोकरी सोडून गेले. हॅरिस अजून सेवेत आहे. मी आठ वर्षं पूर्ण करून बाहेर पडलो आणि बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये इमारतींच्या देखभालीचं काम पाहतो. जवळच्या रीडिंग शहरातली मराठी मंडळी गणपतीत भेटली की विचारतात, साळुंखे, तुम्ही आर्मीत होतात, कधी भीती वाटली का? मी हो म्हणतो. पुढचं कुणी विचारत नाही. हिवाळ्यात कार पार्कवर बर्फ साचून सगळं सपाट दिसायला लागलं की मी इमारतीच्या भिंतीकडेने चालतो. सहकाऱ्यांना वाटतं, वाऱ्यापासून आडोसा घेतोय.

वेस्लीला रिझर्व्हवर, उंचावरच्या दफनभूमीत पुरलं. मार्लीन मावशीने फोनवर सांगितलं की जागा तिने स्वतः निवडली, काठावरून आणलेल्यांच्या शेजारी. म्हणाली, त्यांना तो लहानपणापासून ओळखतो.

त्याआधीचे चार दिवस सांगायचे राहिले. मृत्यूची बातमी पोचली त्याच दिवशी रिझर्व्हवर अग्नी पेटवला गेला. त्यांच्यात माणूस गेला की चार दिवस अग्नी विझू देत नाहीत. पलीकडे जायला त्याला तेवढा वेळ लागतो आणि वाटेत उजेड लागतो. मावशीने कॅनडाच्या कॅप्टनकडे निरोप दिला: तो तिथे गेला आहे, तर तिथेही एक अग्नी असू दे. कॅप्टनने आमच्या सार्जंट मेजर डन यांना विचारलं. सार्जंट मेजर डन हे न पुसलेल्या बुटांसाठी माणसाला पावसात उभं करणारे गृहस्थ. त्यांनी विचारलं, लाकूड किती लागेल?

कुकहाऊसच्या मागे अग्नी पेटला. कॅनडाच्या आणि आमच्या लोकांनी स्टॅग वाटून घेतले, म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्या. नियम थोडे होते: त्यात कचरा टाकायचा नाही, त्याच्याजवळ भांडायचं नाही, दारू पिऊन यायचं नाही. येणाऱ्याने चिमूटभर तंबाखू वाहायची. एका थाळीत त्याच्यासाठी अन्न ठेवायचं. मला वाटलं होतं, अग्नीजवळ भीती जाईल. गेली नाही. पण तिथे सगळेच घाबरलेले होते आणि ते कुणी लपवत नव्हतं. हॅरिस स्वतःची पाळी संपली तरी उठायचा नाही.

चौथ्या दिवशी दुपारी लाकूड घालणं थांबवलं. आता तो आपणहून विझला पाहिजे, असं मावशीचं सांगणं होतं. पाणी घालायचं नाही. सरावाच्या क्षेत्राची व्यवस्था पाहणाऱ्या रेंज कंट्रोलचा एक अधिकारी गाडी घेऊन आला. त्या भागात उघड्यावरचा जाळ पाण्याने विझवून तसं कळवावं लागतं, असा स्थायी आदेश. त्याने तो वाचून दाखवला. शेजारी पाण्याने भरलेली लोखंडी बादली होती.

सार्जंट मेजर उठले. बादली उचलून दहा पावलांवर नेली, पाणी गवतात ओतलं, परत आले, बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले.

“विझला की कळवतो,” ते म्हणाले.

अधिकाऱ्याने आदेशाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग त्याने टोपी काढली आणि तोही थांबला.

निखारे दिवस मावळता मावळता काळे झाले. सार्जंट मेजरनी हातमोजा काढून राखेवर तळवा ठेवला. दुसऱ्या हाताने रेडिओ घेतला.

“झीरो, फायर आउट.”

झीरोने ऐकल्याचं कळवलं. त्यांनी रेडिओ खाली ठेवला. राखेवरचा हात तसाच होता.